पर्वतीच्या पायऱ्या आणि मनगटावरचा हिशोब

आज सकाळी पर्वतीवर निम्मी गर्दी देवाआधी मनगटावरच्या फिटनेस बँडकडे बघत होती. त्या पट्ट्याला पायऱ्या कळतात का? हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा बॅरोमीटर असेल तरच. साधारण 3 मीटर चढ म्हणजे एक मजला, असा त्याचा हिशोब. स्वस्त बँडमध्ये बॅरोमीटर नसतो, त्यामुळे चढण आणि सपाट रस्ता त्याला सारखाच.

पावलं तो पायाने नाही, हाताच्या झोक्याने मोजतो. म्हणून खड्ड्यांतून स्कूटर चालवली की फुकटची पावलं जमा होतात, आणि मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलात की खरी चाललेलीच गायब! रोज 10,000 पावलांचा आकडाही 1965 च्या सुमारास जपानमध्ये एका पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, नावातून आलेला, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे.

नाडीचं दुखणं वेगळं. पट्ट्यामागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताचा चढउतार वाचतो. पट्टा सैल असला की तो हलतो, आणि पळताना मिनिटाला 160 पावलं पडत असतील तर तीच लय नाडी म्हणून 160 दाखवतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट पण वळ न उठेल असा बांधा. शंका आली तर थांबल्या थांबल्या मानेवर बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा, गुणिले चार. फरक दहाच्या वर असेल तर पट्टा पुन्हा बांधा, मागची काच ओल्या फडक्याने पुसा. घामाचं मीठ साचतं तिथे.

कॅलरी? तो अंदाजपंचेच. वजन तरी खरं भरा.