तादोबा, टडोबा, ताडोबा

मे महिना, ताडोबाच्या जंगलाचं मोहर्ली गेट, पहाटेची वेळ. जिप्स्यांची रांग लागलेली. माझ्या नंबरला आलेल्या गाडीत एक जोडपं होतं. तो इंग्लंडच्या दक्षिणेकडचा, ती स्पेनमधली, शाळेत शिकवणारी. मी गाइड. बारावी झालो आणि इंग्रजी इथंच, पाहुण्यांच्या तोंडचं ऐकून शिकलो. खिशात एक डायरी असते. तिच्यात चार-पाच भाषांतली प्राण्यांची नावं मोबाइलवर पाहून उतरवलेली आहेत. पाहुण्याला त्याच्या भाषेत वाघ म्हटलं की तो खूश होतो, हा आमचा धंद्यातला अनुभव.

म्हणून मी मागं वळून ऐटीत सांगितलं, "मॅडम, जॅगुआर आमच्याकडे नाही. आमच्याकडे टिग्रे."

मॅडम हसल्या. "ख़ाग्वार," त्या म्हणाल्या. "आणि तिग्रे."

तिग्रे! आपला साधा त. तोतऱ्या पोरालाही येणारा त. जन्मापासून तोंडात असताना मी ट का काढला? कारण अक्षर रोमन होतं. रोमन अक्षर दिसलं की माझी जीभ आपोआप पाचवीच्या वर्गात, इंग्रजीच्या मास्तरांसमोर हात पुढे करून उभी राहते. टी म्हणजे ट, डी म्हणजे ड, जे म्हणजे ज. ही अक्षरं इंग्रजांच्या मालकीची आहेत असं मला तोवर वाटत होतं.

साहेबांची गतही तीच. फरक एवढाच की त्यांना बिचाऱ्यांना त होताच कुठं! त्यांच्या मांडीवर एक वही होती. सासूबाई ऐंशीच्या, त्यांना इंग्रजीचा गंध नाही. पावसाळ्यात स्पेनला जायचं तर निदान स्पॅनिश वाचता-बोलता यावं म्हणून साहेब अक्षरांपासून सुरुवात करत होते. मॅडम लहानपणी २९ अक्षरं शिकल्या होत्या. २०१० साली तिथल्या भाषेच्या अकादमीनं सीएच आणि डबल एल यांना अक्षरांच्या यादीतून काढलं, आता २७ राहिली. "दोन कमी झाली, तरी ह्यांना जड जातात," मॅडम म्हणाल्या.

पांढरपौनीच्या पाणवठ्यावर गाडी लावली. वाघाचा पत्ता नव्हता. उन्हाळ्यात पाण्यावर थांबणं हेच मुख्य काम, त्यामुळे दबक्या आवाजात शाळा सुरू झाली.

साहेबांनी पाटीवरचं नाव वाचलं, "टडोबा." मॅडमनी वाचलं, "तादोबा." मी म्हटलं, दोघंही चुकलात आणि दोघंही निम्मे बरोबर आहात. ता मॅडमकडून घ्या, डो साहेबांकडून घ्या, की आमचं ताडोबा होतं. साहेबांना हे फार आवडलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. मॅडमचा द मात्र आपल्या दगडातला द नव्हे. दोन स्वरांच्या मध्ये आला की तो इतका सैल होतो, की जीभ दाताला टेकली न टेकली असं वाटतं. मोहर्ली त्यांनी वाचलं "मोआर्ली". एच लिहायचा पण बोलायचा नाही, असा त्यांचा नियम. मी म्हटलं, आमच्या वाघासारखंच. परमिटवर आहे, जंगलात आहे, आवाज नाही.

विदर्भाचं त्यांनी "बिदार्बा" केलं. व्ही आणि बी त्यांच्याकडे एकच. मला त्यात काही परकं वाटलं नाही. वऱ्हाडाचं बेरार झालंच होतं की.

पी, टी, के या तीन अक्षरांपाशी साहेब अडले. ते पाव मागताना "पॅन" म्हणत आणि त्या प मधून फुस्स करून हवा जाई. मॅडम म्हणत होत्या, हवा नको. साहेब म्हणत होते, हवा कुठं आहे? इंग्रजी माणसाला ती ऐकूच येत नाही. आपल्याला येते, कारण आपण प आणि फ वेगळे लिहितो. मी जिप्सीच्या कडेला अडकलेलं बांबूचं वाळलं पान काढलं आणि त्यांच्या ओठांसमोर धरलं. "आता बोला." पान थरथरलं. "हा फ झाला. पान हलू न देता बोला." चौथ्या-पाचव्या वेळी ते स्थिर राहिलं. मग मी सांगितलं की आमच्याकडे ह्यालाच पान म्हणतात. त्यांचा पाव आणि आमचं पान, उच्चार एकच. साहेबांनी ते वाळकं पान वहीत जपून ठेवलं. खरं तर जंगलातून पानसुद्धा नेऊ देत नाहीत, पण त्या वेळी मी दुसरीकडं पाहिलं.

स्वरांचं मात्र सोपं निघालं. आ, ए, इ, ओ, उ. पाच अक्षरं, पाच आवाज. साहेब "नो" म्हणताना शेवटी उ लांबवत, तेवढं मॅडमनी कापलं.

जे हे अक्षर आलं तेव्हा आमचे ड्रायव्हर चाचा जागे झाले. ते बल्लारपूरचे, लहानपणी उर्दू शिकलेले. घशातून घासून येणारा तो आवाज साहेबांना ह होत होता आणि मला ख. चाचा आरशात पाहून म्हणाले, "अबे, हे तर आमचं ख़े आहे. ख़रबूज म्हन." मॅडमनी टाळी वाजवायला हात उचलला आणि जंगल आठवून खाली घेतला.

डबल एल म्हणजे य, हे ऐकल्यावर मला अकोटला दिलेली आत्या आठवली. आमच्या झाडीबोलीत डोळ्याला डोरा म्हणतात, तिच्या घरी डोया. शाळेची शाया. मॅडमचं गाव बायादोलिद. नकाशावर डबल एल, तोंडात य. साहेब लग्नाला सहा वर्षं होऊन "वॅलाडोलिड" म्हणत होते. सासूबाई काय म्हणत असतील देव जाणे.

मग साहेबांनी वहीतून वय सांगितलं, "तेन्गो क्वारेन्ता आनोस." मॅडमनी दुर्बीण मांडीवर टाकली आणि तोंडात ओढणी कोंबली. खुलासा झाल्यावर चाचाही स्टिअरिंगवर वाकले. एनच्या डोक्यावरची नागमोडी रेघ विसरली, तर "मी चाळीस वर्षांचा"चं "मला चाळीस ढुंगणं आहेत" होतं. ती रेघ म्हणजे मुळात दुसरा एनच. जुन्या हस्तलिखितांत जागा वाचवायला लेखनिक तो पहिल्याच्या डोक्यावर छोटा काढत. हे अक्षर आपल्या ञ च्या जवळचं. आमच्या शाळेतल्या तक्त्यावर ञ च्या चौकटीत चित्रच नसायचं; मास्तर त्यावरून छडी पुढं सरकवत. आणि तिकडे? हे अक्षर नसलेले कीबोर्डही विकू द्या असा रेटा १९९१ साली युरोपीय समुदायाकडून आला, तेव्हा स्पेनमध्ये गहजब झाला आणि १९९३ मध्ये सरकारनं त्याच्या रक्षणासाठी हुकूम काढला. ञ साठी आपल्याकडे कुणी साधा अर्जही केला नसता.

एका ठिकाणी साहेब जिंकले. झेड, आणि ई-आयच्या आधीचा सी, मॅडमच्या बोलीत जीभ दातांत धरून येतो, इंग्रजी थँकमधल्यासारखा. साहेबांना तो आयता होता. मी थ म्हणालो तर तो जड पडला, स म्हणालो तर मॅडम म्हणाल्या की लॅटिन अमेरिकेत चालेल.

इतक्यात चितळाचा धोक्याचा कॉल आला. माना फिरल्या. बांबूतून वाघ नाही, रानकुत्रे निघाले. एकामागून एक सात. ताडोबात वाघ पाहून आलेले पुष्कळ, रानकुत्र्यांचा अख्खा कळप समोर पाणी पिताना पाहिलेले कमी. माझ्या डायरीत त्यांचं नाव होतं "पेरो सॅल्व्हाजे". खरं म्हणजे पेर्रो साल्बाख़े. दोन शब्दांत माझ्या चार चुका.

साहेब उभे राहून कुजबुजले, "पेरो! पेरो!"

मॅडमची दुर्बीण दुसऱ्या बाजूला होती. मान न वळवता त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "पण काय?"

"पेरो!"

"अहो, पण काय?"

एका र चा पेरो म्हणजे पण. दोन र चा, जीभ थरथरवून म्हटलेला, म्हणजे कुत्रा. शेवटी साहेब वैतागून "डॉग्ज!" म्हणाले आणि मॅडम वळल्या, तोवर दोन बांबूत शिरले होते. पाच दिसले.

परतताना मी त्यांना बैल हाकताना बाबा जिभेनं काढत तो टर्रर्र आवाज काढून दाखवला. साहेब जीभ मागं वळवून जोर लावत, नुसता गुरगुराट होई. खडबडीत रस्त्यावर जिप्सी दणकली आणि धक्क्यासरशी त्यांच्या तोंडून खणखणीत "पेर्रो" निघाला. पुढं सपाट रस्त्यावर पुन्हा गेला. चाचा हळूच मला म्हणाले, "पुन्हा खड्ड्यातून घेऊ का बे?"

गेटवर उतरून मी डायरीतली स्पॅनिशची यादी खोडली आणि मॅडमला विचारून नावं पुन्हा लिहिली, देवनागरीत. ख च्या खाली चाचांनी नुक्ता दिला.

जूनच्या शेवटी, जंगलाचा गाभा पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आठवड्यात, अर्जेंटिनाचा एक ग्रुप आला. आता मी तयार होतो. आभाळात ढग दाटले होते, म्हणून पाऊस कसा म्हणतात ते डबल एलला य लावून म्हणालो, "युबिया." त्यांच्यातली ब्युनोस आयर्सची एक पोरगी हसून म्हणाली, "शुबिया."

मी आत्याला फोन करून सांगितलं की तिकडे डोयाचा डोशा करतात. ती म्हणाली, "कोन्त्या गावचे हाय बाप्पा ते?"