पहाटे तीनला बघण्यासारखं

"ताई, बाळ रात्रभर जागं असतं. त्याला मांडीवर घेऊन फोनवर तेच ते बघते आणि डोळे नुसते शिणतात. तुमच्याकडचं काहीतरी चांगलं सुचवा ना," असं वहिनी परवा म्हणाली. तिला आवाजी मेसेज पाठवत बसले, पण समाधान होईना. म्हणून इथेच लिहितेय. यातलं सगळं घरबसल्या बघता येतं, त्यामुळे तुमच्याही कामी येईल.

पहिली शिफारस मी राहते त्या गावाची, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तची. शहरातल्या कालव्यावर एक जुनं लॉक, म्हणजे पाणी अडवणारं दार, आहे, बोटींना ये-जा करण्यासाठी. वसंतात मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात आणि या बंद दारापाशी अडकतात. बोटी तेव्हा तुरळक, म्हणून दार फारसं उघडत नाही. अडकलेले मासे मग पक्ष्यांच्या तोंडी जातात. २०२१ मध्ये इथे पाण्याखाली कॅमेरा लावला आणि वेबसाइटवर एक बेल ठेवली. मासा दिसला की जगातल्या कुणीही ती दाबावी. पुरेसे मासे जमलेत असं दिसलं, की दार उघडलं जातं. डच नाव 'फिसड्योरबेल', म्हणजे माशांची दारावरची बेल. मार्च ते मे चालू असते.

बहुतेक वेळ नुसतं हिरवट, गढूळ पाणी दिसतं. एखादं पान तरंगत जातं, एखादी गोगलगाय काचेवरून सरकते. तुम्ही बघत राहता आणि अचानक काळोखातून एक तोंड पुढे येतं, कल्ले हलत असतात, एक डोळा थेट आपल्याकडे! मी तर चक्क ओरडले होते पहिल्यांदा. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर डोकं शांत करायला यासारखं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

दुसरी गोष्ट मात्र वहिनीसाठी खास. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात बदामाच्या फुलांचं एक चित्र आहे. निळं आकाश, त्यावर पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या फांद्या. ३१ जानेवारी १८९० ला चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या भावाला, थिओला, पॅरिसमध्ये मुलगा झाला आणि त्याचं नाव काकाचंच ठेवलं. काका तेव्हा दूर सॅं-रेमीच्या रुग्णालयात. तिथून त्याने बाळासाठी हे चित्र काढलं. काम होताच तो आजारी पडला आणि बरा होईपर्यंत झाडांचा बहर सरला होता. बाळाला तो मे महिन्यात भेटू शकला.

आमचा भाचा जानेवारीतलाच, आणि मी अजून त्याला मांडीवर घेतलेलं नाही. त्या चित्रासमोर मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. त्या बाळानेच मोठेपणी काकाची चित्रं एकत्र राहावीत म्हणून धडपड केली आणि १९७३ मध्ये हे संग्रहालय उघडलं. व्हॅन गॉगने लिहिलेली आणि त्याला आलेली, आज उरलेली सगळी पत्रं, ९०० हून जास्त, इंग्रजी भाषांतरासह इंटरनेटवर फुकट आहेत. सलग वाचू नका. १८९० ची जानेवारी-फेब्रुवारी काढा आणि दोघा भावांची पत्रं एकामागून एक वाचा.

पुस्तक म्हणाल तर 'यिप एन यानेके'. लेखिका ॲनी एम. जी. श्मिट. शेजारी राहणाऱ्या दोन लहान मुलांच्या या गोष्टी १९५२ पासून वर्तमानपत्रात येत होत्या. फीप वेस्टेनडॉर्पने मुलं नुसती काळ्या सावलीसारखी काढली आहेत, तरी कोण रुसलंय ते पाठीवरून कळतं. सोप्या भाषेला डच लोक आजही 'यिप-एन-यानेकेची भाषा' म्हणतात. माझं डच यावरच उभं राहिलं. इंग्रजीत मिळतं, बाळ जरा मोठं झालं की मीच फोनवरून वाचून दाखवणार आहे.

आणि रेडिओ गार्डन हे ॲप घ्याच. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं आणि तिथलं रेडिओ स्टेशन ऐकायचं. हेही डच मंडळींचंच, २०१६ पासूनचं.

काल रात्री साडेदहाला दिवा मालवत होते. तिकडे भारतात पहाटेचे तीन. वहिनीचा मेसेज आला: "ताई, बेल वाजवली! अंगावर काळे पट्टे, पंख लालसर. कोण हो हा?"

पर्च, म्हटलं. बाळाला दाखवलास का?

"त्याला दाखवतच वाजवली."