एएमएचचा आकडा आणि एकवीस गोळ्यांचं पाकीट

सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढते. शुगर-थायरॉइडच्या रांगेत हल्ली एएमएचच्या, म्हणजे अंडाशयातल्या एका हार्मोनच्या तपासणीच्या, चिठ्ठ्याही येतात आणि चिठ्ठीवालीसोबत बहुतेकदा सासू नाहीतर आई असते. पहिला प्रश्न ठरलेला, "उपाशी यायचं होतं का हो?" नाही. पाळीचा दुसरा-तिसरा दिवसही गाठावा लागत नाही. ती अट एफएसएच या दुसऱ्या हार्मोनच्या तपासणीची.

अंडाशयातल्या वाढीला लागलेल्या बारीक बीजकोषांतून हे हार्मोन येतं, म्हणून त्यावरून अंड्यांच्या साठ्याचा अंदाज बांधतात. पंचविशीनंतर ते उतरत जातं. वय फॉर्मवर असतंच, पण आकडा बदलणारं बाकीचं काही नसतं.

"गोळ्या चालू आहेत का?" विचारलं की उत्तर येतं, "थायरॉइडची आहे." पाळी नियमित यावी म्हणून दिलेलं एकवीस गोळ्यांचं पाकीट कुणाच्या लेखी औषधच नसतं! पण त्या गर्भनिरोधक गोळ्या असतात आणि त्यांनी एएमएच बऱ्याचदा पाव भागाने खाली दिसतं. गोळ्या थांबल्या की काही महिन्यांत वर येतं. चॉकलेट सिस्टचं (अंडाशयातल्या जुन्या रक्ताच्या गाठीचं) ऑपरेशन किंवा केमो झाली असेल, तर मात्र अंडीच कमी झालेली असू शकतात. सिगारेटनेही आकडा उतरतो, पण सासूसमोर ते विचारायची आमची छाती नाही.

पीसीओडीत उलटं. आकडा सात-आठ आला की आई खूश, "भरपूर आहे की!" बीजकोष भरपूर असतात खरे, पण वाढ अर्ध्यावर अडते आणि अंडं वेळेवर सुटत नाही.

एकीने लंडनच्या नणंदेचा रिपोर्ट मोबाइलवर दाखवला. "तिचं चौदा, माझं दोनच?" तिकडे पिकोमोल या वेगळ्या एककात मोजतात, आपला १ नॅनोग्राम म्हणजे तिकडचे ७.१४. दोघींचं सारखंच होतं.

कमी आकडा बघून काउंटरवरच रडणाऱ्या बायकांना मी २०१७ सालचा अमेरिकेतला अभ्यास सांगते. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, तीस ते चव्वेचाळीस वयाच्या बायकांमध्ये एएमएच कमी असलेल्यांनाही इतरांइतक्याच प्रमाणात दिवस गेले. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) इंजेक्शनांनी अंडी साधारण किती मिळतील, हे सांगायला तो आकडा कामाचा. अंड्याचा दर्जा त्यात कळत नाही.

हल्ली मी फॉर्मवर लाल पेनाने "गोळ्या चालू" लिहून देते. त्या बंद करून परत तपासायचं का, ते डॉक्टर ठरवतील. टेस्टसाठी म्हणून स्वतःहून बंद करून येऊ नका.