स्वतः लिहिलेलं वाचता न येणारे काका

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम न्यूरोच्या पेशंटबरोबर असतं. स्ट्रोक झाल्यावर कुणाची वाचा जाते, कुणाला गिळता येत नाही, कुणी घडाघडा बोलतं पण त्या बोलण्याचा काही अर्थ लागत नाही. हे रोजचं आहे, तरी पूर्ण सवय कधी होत नाही. पण ही केस वेगळी होती. अभ्यासक्रमात ती अर्ध्या पानात येते, परीक्षेपुरती सगळे पाठ करतात, आणि पुष्कळ जणांना ती अख्ख्या करिअरमध्ये बघायला मिळत नाही.

वॉर्डातून रेफरन्स आला, त्यावर लिहिलेलं की बोलणं नॉर्मल, समजणं नॉर्मल, हातपायात ताकद पूर्ण, वाचता येत नाही. आणि खाली रेसिडेंट डॉक्टरने जोडलं होतं, नातेवाईक म्हणतात लिहिता मात्र येतं. ती शेवटची ओळ वाचूनच मी हातातलं काम बाजूला ठेवून वर गेले.

काका साठी ओलांडलेले, आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलेलं, उजव्या हाताने लिहिणारे. बेडवर नीट टेकून बसले होते, मला बघून "या मॅडम" म्हणाले, आधी माझीच चौकशी केली. शेजारी मुलगा आणि सून. झालं असं होतं की आदल्या दिवशी सकाळी उठून त्यांनी पेपर हातात घेतला तर त्यातलं एकही अक्षर ओळखू येईना. त्यांच्याच शब्दात, "कुठल्या तरी परक्या लिपीत छापलाय असं वाटलं." त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. घरच्यांनाही तेच वाटलं, कारण तोंड वाकडं नाही, हात लुळा पडला नाही, बोलणं स्पष्ट, मग स्ट्रोकचा विचार कोण करणार. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, तिथे तपासताना लक्षात आलं की दोन्ही डोळ्यांना उजव्या बाजूचं अर्धं दिसतच नाहीये. त्या डॉक्टरांनी तिथूनच थेट न्यूरोलॉजीला पाठवलं, एमआरआय झाला आणि मेंदूच्या मागच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झालेली निघाली.

इथे एक सांगून ठेवते, कारण मला हे फार लागून राहिलंय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अचानक दिसायचं कमी होणं, अर्धं दिसणं, अचानक वाचता न येणं हीसुद्धा स्ट्रोकची लक्षणं असतात, त्यात दुखत काहीच नाही आणि हातपाय चालत असतात म्हणून लोक चष्म्याच्या मागे लागतात आणि वेळ निघून जातो. कुणाला असं अचानक झालं तर सरळ हॉस्पिटल गाठा.

तर मी तपासायला बसले. गप्पा मारल्या, वाक्यं लांब, व्याकरण चोख, शब्द शोधायला अडखळणं नाही. "आधी खिडकीकडे बोट दाखवा, मग डोळे मिटा, मग डावा हात वर करा" असं एका दमात सांगितलं, बरोबर केलं. मी म्हटलेलं लांब वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. पेन, घड्याळ, किल्ली, कात्री दाखवली, सगळ्यांची नावं सांगितली. म्हणजे बोलायचा भाग शाबूत, समजायचाही शाबूत. मग लाल टोपणाचं पेन दाखवून रंग विचारला तर थांबले, "निळा?" म्हणाले, स्वतःलाच पटेना. पण न दाखवता विचारलं की रक्ताचा रंग कोणता, तर ताबडतोब "लाल". रंग दिसत होता, कारण लाल टोपणं एका बाजूला आणि निळी एका बाजूला करा म्हटलं तर बिनचूक वेगळी केली. दिसणाऱ्या रंगाला त्याचं नाव जोडणं तेवढं जमत नव्हतं.

मग कोरा कागद दिला आणि म्हटलं, काका, काल काय झालं ते दोनतीन ओळीत लिहा. लिहिलं. अक्षर सुरेख, जुन्या वळणाचं, ऱ्हस्वदीर्घसुद्धा बरोबर. मी कागद बाजूला ठेवला, थोडं इकडचं तिकडचं बोललो, झोप लागली का, पाय मोकळे केले का वगैरे, आणि मग तोच कागद समोर धरला. वाचा म्हटलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वळण माझंच दिसतंय. पण लिहिलंय काय?"

वॉर्डात कुणी काही बोललं नाही. मुलगा एकदम अस्वस्थ झाला, मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम हे शक्य आहे का, आत्ता माझ्यासमोर लिहिलंय त्यांनी, आणि काल बिलावरचे आकडे धडाधड वाचले, बेरजेतली चूकसुद्धा काढली, मग अक्षरं तेवढी कशी येत नाहीत, टेन्शनमुळे करतायत का असं? त्याच्या मनात नाटक हा शब्द होता, तोंडावर आणला नाही एवढंच. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं थांबा, इथेच उभे राहून बघा.

आकडे मी परत तपासले. मोठमोठ्या संख्या, टक्केवारी, तारखा, सगळं वाचलं. त्याच ओळीत आकड्यांच्या शेजारी शब्द छापलेला असला की तिथे मात्र थांबायचे. मग बघून लिहा म्हणून एक छापील वाक्य दिलं, तर हात एकदम मंद, एकेक रेघ बघून चित्र काढावं तसं उतरवत होते. मीच बोलून सांगितलेलं वाक्य मात्र सरसर लिहिलं. बघून लिहिणं ऐकून लिहिण्यापेक्षा अवघड, हे ऐकायला उलटं वाटतं पण या आजारात असंच असतं.

मग मी तोंडी स्पेलिंग सांगितलं, "प ला काना, ण ला दुसरी वेलांटी". शब्द संपायच्या आत "पाणी" म्हणाले. अवघड घेतलं, "प, र ला दुसरी वेलांटी, क ला षची जोडणी, ष ला काना" म्हटलं, जरा थांबून "परीक्षा". मग त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि त्यांच्या उजव्या तळहातावर बोटाने "म" काढला. "म." मग "भ", मग "ळ", सगळी बरोबर. डोळे उघडून तोच "भ" कागदावर दाखवला तर ओळखेना. डोळ्यांनी न ओळखलेलं अक्षर कातडीला कळत होतं.

मुलाच्या डोळ्यात पाणी आलं तेव्हा. मला म्हणाला, मी काल रात्री त्यांच्यावर ओरडलो हो.

याला अलेक्सिया विदाउट अ‍ॅग्राफिया म्हणतात, म्हणजे वाचणं गेलं पण लिहिणं राहिलं. मी त्याच कागदाच्या मागे मुलाला मेंदू काढून दाखवला. डोळ्यासमोरच्या दृश्याची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या अर्ध्यात जाते आणि डावी बाजू उजव्या अर्ध्यात, अगदी मागे ऑक्सिपिटल लोबमध्ये. काकांचा डावा ऑक्सिपिटल लोब गेला, म्हणून उजवीकडचं दिसत नाही. डावीकडचं दिसतंय, स्वच्छ दिसतंय, पण ते उजव्या मेंदूला दिसतंय. आणि भाषा, उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांत, डाव्या मेंदूत असते. म्हणजे डोळ्यांनी घेतलेलं अक्षर पलीकडे भाषेपर्यंत पोचवायला पूल लागतो, तो पूल म्हणजे कॉर्पस कॅलोसम आणि त्याचा मागचा भाग, स्प्लेनियम. बंद पडलेल्या धमनीतूनच त्याला रक्त जात होतं, तोही गेला. त्यामुळे भाषा अलीकडे धडधाकट, नजर पलीकडे धडधाकट आणि मधला पूल पडलेला.

लिहिताना या पुलाची गरजच पडत नाही. शब्द डाव्या मेंदूतच तयार होतो, अँग्युलर गायरस नावाच्या भागात त्याची अक्षरं जुळतात, पुढच्या भागातून उजव्या हाताला हुकूम जातो, सगळा रस्ता एकाच बाजूचा. उजव्या तळहातावरचा स्पर्शही सरळ डाव्या मेंदूत येतो. कानाने ऐकलेलं स्पेलिंगही पोचतं. फक्त डोळ्यांचा दरवाजा बंद. मग किल्लीचं, कात्रीचं नाव कसं आलं? कारण किल्ली दिसली की तिचा हाताला लागणारा थंडपणा, ती फिरवायची सवय, तिचा आवाज असं बरंच काही सोबत जागं होतं आणि ते पुलाच्या पुढच्या, शाबूत भागातून पलीकडे जातं असं मानतात. अक्षराला आणि रंगाला दिसण्याव्यतिरिक्त दुसरं काही नसतं. आणि आकड्यांची समज उजव्या मेंदूलाही बऱ्यापैकी असते असं धरतात, म्हणून हिशेब वाचला.

हे सगळं आपल्याला एमआरआयमुळे कळलं असं नाही, याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं. फ्रान्समध्ये ज्यूल देजेरीन नावाच्या न्यूरोलॉजिस्टकडे 1887 साली असाच एक पेशंट आला, तोही आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेला. लिहायचा, पत्ते खेळायचा, आकडे वाचायचा, पण स्वतःचं लिहिलेलं वाचता यायचं नाही. चार वर्षांनी त्याला दुसरा स्ट्रोक झाला आणि त्यात लिहिणंही गेलं, पाठोपाठ तो वारला. शवविच्छेदनात दोन जखमा सापडल्या. जुनी जखम डाव्या ऑक्सिपिटल लोबमध्ये आणि स्प्लेनियममध्ये, ताजी जखम अँग्युलर गायरसमध्ये. पहिल्या जखमेने वाचणं नेलं, दुसरीने लिहिणं नेलं. 1892 मध्ये देजेरीनने हे मांडलं. त्याआधी 1861 मध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरने मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली होती आणि 1874 मध्ये वेर्निके नावाच्या डॉक्टरने समजण्याची, पण देजेरीनच्या केसने जागांमधल्या रस्त्यांचं महत्त्व दाखवलं असं मला वाटतं. लोक डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा असले तक्ते फिरवतात ना, त्यांचा मला राग येतो, कारण खरा प्रकार त्याहून कितीतरी सुंदर आहे. एका वाचण्यात किती जागा आणि किती रस्ते गुंतलेत बघा.

आणि वाचणं ही माणसाने अगदी अलीकडे लावून घेतलेली गोष्ट. लिपी येऊन पाचेक हजार वर्षं झाली असतील, तेवढ्यात मेंदूत वाचायसाठी वेगळा भाग उत्क्रांतीतून तयार होणं शक्य नाही. पण वाचायला शिकलेल्या माणसाच्या डाव्या मेंदूच्या खालच्या बाजूला, फ्युजिफॉर्म गायरस म्हणतात तिथे, एक ठिकाण शब्दांसाठी तरबेज होतं आणि वेगवेगळ्या लिप्या वाचणाऱ्यांत ते जवळपास त्याच जागी सापडतं. आधी दुसरं काही ओळखायला असलेली जागा आपण लहानपणी मुळाक्षरं गिरवत गिरवत वाचनाला जुंपतो.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही?" नाही म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी खांदे सैल सोडले. एवढा वेळ हा माणूस मनात ती भीती घेऊन माझ्याशी हसून बोलत होता.

थेरपी कुठून सुरू करायची ते तपासणीनेच सांगितलं होतं. डोळ्यांचा रस्ता बंद आणि बोटांचा चालू, तर बोटाने वाचायचं. छापील मोठं अक्षर समोर ठेवून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने ते गिरवायचं, गिरवलं की हाताला कळतं आणि तोंडातून आवाज येतो. पहिल्या सेशनला "घर" वाचायला जवळजवळ मिनिट लागलं. पण वाचलं. नंतर टेबलावर, मग मांडीवर, मग नुसतं हवेत जरासं बोट हलवून. अशा वाचनात शब्द जितका लांब तितका वेळ वाढतो, आपल्यासारखा अख्खा शब्द एका नजरेत येत नाही, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी चहूबाजूंनी लागत असल्यामुळे कुठून गिरवायला सुरुवात करायची हाच आधी प्रश्न होता. आम्ही ठरवलं की आधी मूळ अक्षर, मग त्याच्या खुणा. दुसरा त्रास उजवीकडचं न दिसण्याचा, कारण आपण वाचत वाचत उजवीकडेच जातो आणि त्यांना पुढचा शब्द आहे हेच कळायचं नाही. त्यासाठी ओळीच्या उजव्या टोकाला एक जाड रंगीत पट्टी ठेवली, नजर तिथपर्यंत गेल्याशिवाय ओळ संपली असं धरायचं नाही. गाडी चालवणं मात्र बंद, त्यावर वादच नाही.

मध्ये एकदा फार खचले होते. पेपर वाचणं ही त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट आणि आता एक बातमी वाचायला अर्धा तास, शेवटाला येईतो सुरुवात विसरायला होई. त्या वेळी सुनेने फोनमध्ये मजकूर वाचून दाखवायची सोय चालू करून दिली. काही थेरपिस्टना वाटतं अशा सोयीने पेशंट आळशी होतो, मला हे मुळीच पटत नाही. मजकूर कानाने ऐकायचा आणि सराव बोटाने करायचा, दोन्ही शेजारी शेजारी चालू शकतं, आणि माणसाचा मूड चांगला राहिला तर सरावही होतो. ते रोज रात्री डायरी लिहायचे, ती दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना वाचून दाखवायचा.

सध्या त्यांचं वाचन हळू आहे पण विश्वासाचं आहे. हेडलाइन वाचतात, औषधाच्या पट्टीवरचं नाव स्वतः वाचतात, पाकिटावरचा पत्ता वाचतात. रंगांची नावं बरीचशी परत आलीत. पान भरून मजकूर जमत नाही आणि पूर्वीसारखं वाचन येईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही, त्यांनीही विचारलेलं नाही. उजवीकडचं अजून दिसत नाही. जोडाक्षरांवर काम चालू आहे, "ष्ट" आणि "स्त्र" ला बोट अजून अडखळतं, ते जमलं की बँकेचा फॉर्म कुणाच्या मदतीशिवाय वाचून भरायचा असं पुढचं टार्गेट त्यांनीच ठरवलंय.