तीस की बेचाळीस? बाबांच्या रेडिएशन-केमोचा माझा अनुभव

औषधाच्या फॉर्मवरच्या एका रकान्यातल्या एका आकड्यासाठी मी तीन चकरा मारल्यात, अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकते.

बाबांना ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, ग्रेड ४. ऑपरेशन, टाके, बायोप्सीचा रिपोर्ट हे सगळं कसं पार पडलं ते आता आठवतही नाही. मग रेडिएशन आणि केमो एकदमच चालू करायचं ठरलं. २००५ मध्ये ५७३ पेशंटवरचा अभ्यास आला तेव्हापासून हीच पद्धत चालत आलीय. नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी शंभरातले साधारण १० जण हयात होते, केमोची गोळी जोडल्यावर २६. (हे आकडे मी बाबांना सांगितले नाहीत, त्यांनीही विचारले नाहीत.) रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, एकूण ३० वेळा, मिळून ६० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक). टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, कॅप्सूल मात्र रोज. रोज म्हणजे शनिवार-रविवारसुद्धा. सगळा घोळ त्या 'सुद्धा'त झाला.

डोस उंची-वजनावरून काढतात, अंगाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम. बाबांचे आले १३५. एवढ्याची एक कॅप्सूल मिळत नाही, मग १०० ची एक, २० ची एक आणि ५ च्या तीन, अशा रोज पाच. फॉर्मवर केमोच्या डॉक्टरांनी डोस लिहिला आणि पुढे 'रेडिएशन चालू असेपर्यंत रोज'. दिवसांचा रकाना कोराच. वर रेडिएशनवाल्यांनी लिहिलेलं '३० फ्रॅक्शन', म्हणजे रेडिएशन ३० वेळा. औषधाच्या काउंटरवरच्या माणसाने तो ३० उचलून कोऱ्या रकान्यात बसवला आणि मीही गाढवासारखी पिशवी घेऊन घरी आले. रात्री आईने सहज विचारलं, किती आठवड्यांचं आणलंस गं? मोजायला बसलो तर ५ च्या फक्त ९० कॅप्सूल. सहा आठवड्यांच्या, म्हणजे ४२ दिवसांच्या, हव्या होत्या १२६.

दुसऱ्या दिवशी काउंटर. "ताई, रेडिएशन तीस, गोळ्या तीस. सरळ हिशोब आहे." म्हटलं शनिवार-रविवार? "त्या दिवशी मशीन बंद असतं." अहो मशीन बंद असतं, गोळी नाही! त्यांच्याच टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजून दाखवलं, बुधवारी सुरू, सहा आठवड्यांनी मंगळवारी शेवट, मोजून बेचाळीस. तर म्हणतात, "सध्या आहेत ना? संपल्या की या." पण ५ ची कॅप्सूल तिथे सारखी संपते आणि मागवली की यायला दिवस जातात, आणि मधेच खंड पडला तर तो भरून कोण देणार? वर म्हणे खाडाखोड चालणार नाही, आकड्याजवळ डॉक्टरांची सही पाहिजे. रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले औषध आमचं नाही, आम्ही सही कशी करू. केमोची ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस, आणि त्या दिवशी मॅडम मीटिंगमध्ये. दोन डिपार्टमेंट, दोन फाइली, आणि मधल्या जिन्यात मी. इलाज म्हणे एकत्र!

शेवटी ओपीडीतल्या एका सिस्टरने माझं अर्ध बोलणं ऐकलं, फॉर्म ओढून घेतला, आत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर. 'शनि-रवि धरून एकूण ४२ दिवस', खाली सही. दोन मिनिटांचं काम होतं हो! जिन्यातच बसून रडले मी. तर फॉर्म घेताना तिथेच उभं राहून दिवसांचा रकाना अक्षरात भरून घ्या.

बाकी आठवेल तसं सांगते. कॅप्सूल रिकाम्या पोटी, आम्हाला रेडिएशनच्या एक तास आधी सांगितली होती, आणि उलटीची गोळी त्याच्याही आधी. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही. दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या की कॅप्सूल थांबवतात, आमच्या चौथ्या आठवड्यात १,०८,००० पर्यंत आल्या होत्या, तो रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी धड बोलत नव्हतं. न्यूमोनिया होऊ नये म्हणून वेगळी गोळी असते, ती दिलीय का बघा.

मास्कचं राहिलंच. प्लॅनिंगच्या दिवशी गरम ओली जाळी तोंडावर दाबून मापाचा मास्क बनवतात आणि रोज त्याने डोकं टेबलाला अडकवतात. मशीनचं काम काही मिनिटांचंच, पण बाबा बाहेर यायचे तेव्हा कपाळावर चौकटी उमटलेल्या असायच्या. स्टेरॉइडने गाल सुजले की मास्क घट्ट होतो. मास्क घट्ट होतोय हे बाबा तीन दिवस बोललेच नाहीत, चौकटी गडद दिसल्या म्हणून मी टेक्निशियनला सांगितलं.

मधे मशीन दोन दिवस बंद पडलं, म्हणजे ४२ चे ४४. दोन दिवसांच्या कॅप्सूल अजून लागल्या, पण ह्या वेळी मी थेट सिस्टरकडेच गेले.

रेडिएशन संपल्यावर चार आठवडे सुट्टी, मग एमआरआय. त्यात गाठ वाढल्यासारखी दिसू शकते आणि ती खरी वाढ नसूही शकते, रेडिएशनची सूज असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून वाचलो. आमच्यात तसंच दिसलं, पुढच्या एमआरआयमध्ये कमी झालं.

आता नुसती केमो चालू आहे. २८ दिवसांचं एक चक्र, त्यातले पहिले ५ दिवसच कॅप्सूल. डोस दुप्पट, २७०, म्हणजे २५० ची एक आणि २० ची एक. पहिल्या चक्राचा फॉर्म घेऊन गेले तर काउंटरवर तोच माणूस. चष्मा वर करून म्हणाला, "ताई, अठ्ठावीस दिवसांच्या देऊ ना?"