डोळ्यानं फसवलं: तिसा ओळखताना, नोंद डिसेंबरची

ऑगस्टात मी छाती ठोकून लिहिलं होतं की आमच्या वावरातल्या विजेच्या खांबावर बसतो तो शिकारी पक्षी म्हणजे शिक्रा. ती नोंद खोडा. तो तिसा होता, दुसरा एक शिकारी पक्षी, त्याच उन्हाळ्यातलं पिल्लू.

तिसा म्हणजे पांढरा डोळा, एवढंच मी घोकून ठेवलेलं. याचा डोळा तपकिरी दिसला, तिसा बाद. गळ्यावर मधोमध काळी रेघ होती, म्हणून शिक्रा. पिल्लांचा डोळा तपकिरीच असतो आणि गळ्याची रेघ तिशालाही असते, हे नंतर कळलं. शिक्र्याचा डोळा पिवळा ते लाल, हे तर त्या घाईत सुचलंच नाही.

परवा पऱ्हाटीची वेचणी चालू होती, तेव्हा त्याच खांबावर पूर्ण वाढलेला पक्षी सापडला. आधी डोळा पाहायचा नाही असं ठरवून पंखांकडे पाहिलं. मिटलेले पंख जवळजवळ शेपटीच्या टोकापर्यंत पोचलेले. शिक्र्याचे पंख आखूड, खाली पट्ट्यांची लांब शेपटी उरते. मग गळा: मधली रेघ, शिवाय दोन्ही गालांवर एकेक. मानेमागे पांढरा ठिपका, शेपटी विटकरी, चोचीच्या मुळाशी पिवळं-नारिंगी. डोळा शेवटी पाहिला, पांढरट होताच!

वेचणाऱ्या काकू म्हणाल्या, "काय पाहून राह्यले भाऊ? थो त रोजच बसते तिथं, नाकतोडे खाते." खरंच पाच मिनिटांत तो धुऱ्यावर उतरला आणि कोंबडीसारखा चालत काहीतरी टिपू लागला.

आता नात्यागोत्याचं. ही भानगड मला ओळखीपेक्षा जास्त आवडते. इंग्रजीत तिसा बझर्ड आणि मधमाश्यांची पोळी फोडणारा मधुबाजही बझर्ड, पण दोघं जवळचे नाहीत. तिशाचं नातं आपल्या घारीशी आणि मत्स्यगरुडांशी जास्त जवळचं. मधुबाज पडतो पांढऱ्या गिधाडाच्या बाजूला. डोकं कबुतरासारखं लहान, आणि मधमाश्यांचे डंख झेलायला चेहऱ्यावर खवल्यांसारखी दाट पिसं. मराठी नावंही काही कमी फसवत नाहीत. कापशी घार ही घारीची बहीण नव्हेच, घारी-गरुडांच्या कुळातली ती फार आधी वेगळी झालेली फांदी. ससाणे आणि त्यांच्यातलीच छोटी खरुची तर २००८ च्या जनुकीय अभ्यासानंतर पोपट आणि चिमण्यांच्या शेजारी जाऊन बसलेत. शिकारीची चोच आणि नख्या घारी-गरुडांसारख्या, म्हणून नातं जवळचं असं नाही. गावात हे सांगून पाहिलं, कुणी मानत नाही.

फेब्रुवारीपासून तिसा घरटं करायला लागतो. विहिरीजवळच्या आंब्यावर काड्यांचा एक जुना ढिगारा आहे. कावळ्याचा असेल, पण जोडी तिथं फिरकते का ते रोज सकाळी मोटार सुरू करायला जाताना पाहणार आहे.