आमची वाटचाल: एक दिवा आणि एक सुतळी

लहान मुलांचे फोटो काढायच्या आमच्या घरगुती स्टुडिओत मुख्य दिवा, म्हणजे फ्लॅश, आजही एकच आहे. नवे पालक आत आले की आधी भिंतीकडे बघतात, मग छताकडे, आणि विचारतात, "एवढंच?" हो, एवढंच. घरातली बैठकीची खोली, तीन फुटी अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी), थर्माकोलची पांढरी शीट, एक काळं ब्लँकेट, वाळूच्या पिशव्या आणि गाठी मारलेली सुतळी. सुतळीचं पुढे येईलच.

सुरुवात केली ती १००० वॅटच्या दोन हॅलोजनवर. पाच मिनिटांत मूल घामाघूम व्हायचं, डोळे बारीक करायचं, आणि आई म्हणायची, "हसत का नाहीये आज?" हसेल कसं? मग कुणाकडून तरी वापरलेला जुना फ्लॅश घेतला. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवला आणि त्याच दिवशी हॉटशू, म्हणजे कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच, बिघडली. जुन्या काही फ्लॅशांचं ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅश उडवताना कॅमेऱ्यावर येणारा विजेचा दाब, २०० व्होल्टच्या वर असतं, कॅमेऱ्याला ते सोसत नाही. विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही. मी विचारलं नाही हेही खरं, पण त्याला माहीत होतं असंच मला अजून वाटतं.

शिकायला मूल कोण देणार? म्हणून मुलीची कापडी बाहुली खुर्चीत बसवली. बाहुलीच्या डोळ्यांत चमक येत नाही, म्हणून तिच्या तोंडाशेजारी स्टीलचा चमचा उलटा बांधला. चमच्याच्या फुगीर पाठीत सॉफ्टबॉक्सचं छोटंसं बिंब दिसायचं. ते घड्याळात १० किंवा २ वाजतात त्या जागी आलं की दिवा नीट लागला. चार महिने मी त्या चमच्याचे फोटो काढले. घरच्यांना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

त्या चमच्यानंच भिंतीची भानगड दाखवली. खोलीला पोपटी रंग होता. फ्लॅशचा उजेड भिंतीवर आपटून परत यायचा आणि बाहुलीचा एक गाल हिरवट दिसायचा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग, बदलून भागेना, कारण दुसरा गाल चांगला होता, तो मग गुलाबी पडायचा. एका बाजूला काळं ब्लँकेट टांगलं, दुसऱ्या बाजूला थर्माकोल लावला, तेव्हा कुठे ते सुटलं. घरात स्टुडिओ करणाऱ्यांनी दिव्यावर पैसे घालण्याआधी भिंती पांढऱ्या करून घ्याव्यात. कुणी ऐकत नाही ते सोडा.

त्यानंतरची तीन वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चौथ्या वर्षी एक गृहस्थ भाच्याला घेऊन आले. फोटोपेक्षा त्यांचं लक्ष स्टँडकडे जास्त होतं. दिवा किती लांब, किती उंच, ॲपर्चर (लेन्सचं भोक) किती, सगळं विचारलं. मीही भोळसटपणानं सांगत गेले. दीड महिन्यात त्यांनी जवळच स्वतःचा स्टुडिओ थाटला. पाळणे, पंख, चंद्रकोर, मांडायला काय नव्हतं! दिवे मात्र दोन अंब्रेला (उजेड पसरवणाऱ्या छत्र्या) लावलेले, दोन्हीकडून ४५ अंशांवर, दोन्हींची ताकद सारखी. त्यांचा कुठलाही फोटो बघा, डोळ्याच्या प्रत्येक बाहुलीत दोन-दोन पांढरे ठिपके आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना सावल्या. चेहरा भाकरीसारखा सपाट. पण लोक पंख बघायचे, सावली कोण बघतं?

इथवर माझी तक्रार नव्हती. धंदा कुणीही करावा.

मग तो दिवस आला. दोन वर्षांचा मुलगा, पळता. मी तेव्हा तारेशिवाय फ्लॅश उडवणारा रेडिओ ट्रिगर घेतला नव्हता, कॅमेरा आणि दिवा जोडणारी सिंक केबल जमिनीवरून गेलेली. त्याचा पाय केबलीत अडकला आणि स्टँड सावकाश कलला. खरंच सावकाश, मला तो कलताना दिसत होता. मी मुलाला ओढलं, सॉफ्टबॉक्स सोफ्यावर पडला, आत मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा) फुटल्याचा बारीक आवाज आला. मुलाला ओरखडाही नाही. उलट तो टाळ्या वाजवत होता. त्याची आईसुद्धा फार बोलली नाही.

बोलले ते जवळच्या स्टुडिओचे ते गृहस्थ. "तिकडे दिवे पोरांच्या अंगावर पडतात." हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या पालकांनी जसंच्या तसं ऐकवलं, म्हणजे ते एकाच तोंडातून निघालेलं होतं. ठरलेल्या तारखा एकेक करून रद्द झाल्या. दोन महिने वही जवळजवळ कोरी. दिवा विकायला काढला. विकायच्या दिव्याचा फोटोही मी नीट लाइट लावून काढला, त्याचं आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

चूक माझी होती, ते मी कधीच नाकारलं नाही. स्टँडचा एक पाय दिव्याचं वजन झुकतं त्या दिशेला हवा, त्या पायावर वाळूची पिशवी हवी, केबल टेपनं जमिनीला चिकटवलेली हवी. तिन्ही नव्हतं. पण जो माणूस माझ्याच खोलीत उभा राहून सगळं शिकला, त्यानं ते गावभर करावं?

त्या दोन महिन्यांत एकच तारीख रद्द झाली नाही. जुळ्या नातवंडांना घेऊन एक आजी आल्या. मी दारातच म्हटलं, "आजी, तुम्ही ऐकलं असेल." म्हणाल्या, "ऐकलं. कुठंय तो दिवा?" खुर्ची ओढून स्टँडशेजारी बसल्या, चप्पल काढली आणि स्टँडच्या पायावर पाऊल दाबून ठेवलं. "मी धरलाय. तू काढ."

पहिल्याच फोटोत नातू उजळ आणि नात काळवंडलेली. आजींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवलं. "ही अशी का? दोघं एका रंगाची आहेत." मी सांगितलं, तो दिव्यापासून तीन फुटांवर आहे, ती साडेचारवर. तेवढ्यानं उजेड निम्म्याहूनही कमी होतो. अंतर दुप्पट झालं तर पाव, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तीन फुटांवर एफ ८ (ॲपर्चरचा आकडा; आकडा लहान तर भोक मोठं) मिळत असेल तर सहा फुटांवर एफ ४. आजींना स्टॉपशी देणंघेणं नव्हतं. आपल्या पिशवीच्या तोंडाची सुतळी सोडली, एक टोक स्टँडला बांधायला लावलं, दुसरं ताणून वर्तुळ आखतात तशी फिरवली. "या रेघेवर बसव दोघांना." बसवलं. दोन्ही चेहरे सारखे आले. मी पुस्तकातलं पाठ म्हणत होते आणि बाईंनी एका मिनिटात खोलीत मांडून दाखवलं.

गाठी मात्र माझ्या. तीन, साडेचार आणि सहा फुटांवर. उजेड मोजणारा लाइट मीटर नंतर आला, पण पोराच्या मागे धावताना सुतळीच हातात येते.

दिवा विकला नाही हे सांगायला नकोच. पुढची वर्षं कामात गेली.

एवढं लिहितेच आहे तर शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मुलं हलतात म्हणून शटरचा वेग वाढवू नका. १/५०० सेकंद केलंत तर बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोवर काळा पट्टा येईल. १/२०० ला राहा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ८, आणि एक फोटो फ्लॅश बंद करून काढा. तो काळा आला पाहिजे. म्हणजे खोलीचा उजेड मध्ये येत नाही आणि हालचाल थांबवायचं काम फ्लॅशच करतो. दुसरं, पाठीवर झोपलेल्या तान्ह्याला पायांच्या बाजूनं दिवा कधीही लावू नका. उजेड हनुवटीखालून नाकपुड्यांत जातो आणि गोड बाळ भुतासारखं दिसतं. दिवा डोक्याच्या बाजूनं.

त्या गृहस्थांचा स्टुडिओ अजून चालतो. मध्यंतरी त्यांचा एक फोटो पाहिला. एकच दिवा, जवळ, एका गालावर मऊ सावली. चांगला होता. माझ्याकडे मात्र ते कधी आले नाहीत, आणि त्या वाक्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

जुळी आता माझ्या खांद्याला लागतात. दर वर्षी येतात, कोण दिव्याच्या बाजूला बसणार यावर भांडतात. स्टँडवर आता दोन वाळूच्या पिशव्या असतात, केबल तर नाहीच. तरी आजी येतात, खुर्ची ओढतात, चप्पल काढतात आणि पिशवीवर पाऊल ठेवून म्हणतात, "हं, काढ."